मेव्रॉवचे तीन डबे

डच माणूस आपल्या गोतावळ्यातले सगळे वाढदिवस एका कॅलेंडरवर लिहितो आणि ते कॅलेंडर शौचालयात टांगतो. का, ते मला इतक्या वर्षांत कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. टिलबर्गला मी ज्या घरात वरची खोली घेऊन राहिले तिथेही ते होतं, बसल्यावर बरोब्बर डोळ्यांसमोर. भाऊ, पुतण्या, शेजारीण, दातांचे डॉक्टर अशी नावं होती, आणि नोव्हेंबरातल्या एका तारखेपुढे नुसतं 'ती' एवढंच.

मला वाटलं, भांडून गेलेली बहीण असणार. नाव टाकलं, पण तारीख टाकवत नाही, अशी माणसं आपल्याकडेही घरोघरी असतात. ती तारीख आली तेव्हा मी ऑफिसातून जरा दबकतच घरी आले. बैठकीत खुर्च्या गोल मांडलेल्या, कॉफी तयार, सफरचंदाचा केक कापलेला. शेजारीण एका खुर्चीत बसली होती. इकडे वाढदिवस एकाचा असला तरी आलेले सगळे एकमेकांचं अभिनंदन करतात. त्याप्रमाणे घरमालकीणबाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "अभिनंदन."

"कुणाबद्दल?"

"तिच्याबद्दल. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. पण पुस्तकाच्या शेवटी तिने पुस्तक पुरं केल्याचा दिवस लिहून ठेवलाय. तो आज."

"कधी पुरं केलं?"

"झाली साडेपाचशे वर्षं. केक घे."

शेजारणीने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मी केक घेतला. चांगला होता.

मी त्यांना 'मेव्रॉव' म्हणायची, म्हणजे नुसतं 'बाई'. बाकी डच लोक दुसऱ्या मिनिटाला पहिल्या नावावर येतात. या बाईंनी दोन वर्षांत तशी परवानगी दिली नाही आणि मलाही ती मागावीशी वाटली नाही. वय शहात्तर, उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्तीनंतरही एप्रन काही उतरला नव्हता. त्याच्या खिशांत काय असेल याचा नेम नसे. एकदा त्यांनी किल्ली काढायला हात घातला तर तीन पिसं, एक कोंबडीचं हाड आणि माझं हरवलेलं कानातलं, एवढं बाहेर आलं. किल्ली दारालाच होती.

पिसं होती लेखण्यांसाठी. कालव्याकाठी चरणाऱ्या मोठ्या बदकांच्या मागे ही बाई पिशवी घेऊन फिरायची. ओकच्या झाडावर किड्यांमुळे ज्या गाठी येतात, त्या गोळा करून त्यांची शाई उकळायची. मी इथे आले ती आइंटहोव्हनच्या कंपनीत चिपवरचे दोष भिंगाखाली शोधायला. दिवसभर धुळीचा कण चालत नाही अशा खोलीत काम करायचं आणि घरी आल्यावर फ्रिज उघडला तर वाटीवर चिठ्ठी, 'हे खायचं नाही.' शेजारच्या वाटीवर, 'हे खाल्लं तरी चालेल, पण नको.' आई रोज रात्री फोनवर आधी तेच विचारायची, "तुझी मेव्रॉव आज काय शिजवतेय?"

"शाई."

"बाई गं. आणि तू काय जेवलीस?"

हा सगळा खटाटोप त्या 'ती'च्या पुस्तकाची नक्कल करण्यासाठी होता. ती होती इथल्याच ब्राबांट प्रांतातल्या एका मठातली नन. पुस्तकात तिने स्वतःला दिसलेले साक्षात्कार लिहिले होते आणि पानोपानी बोटभर उंचीची चित्रं होती. साक्षात्कार म्हटलं की मी ढग, किरण, सिंहासनं असं काहीतरी धरून चालले होते. पहिलं पान मेव्रॉवनी वाचून दाखवलं आणि माझा अंदाज साफ चुकला. बाई मठाच्या स्वयंपाकघरात कढई घासतेय. मागच्या दाराने प्रभू येतात, पावसात नखशिखांत भिजलेले, आणि म्हणतात, पाय पुसायला फडकं आहे का? ती म्हणते, आहे पण तेलकट आहे. ते म्हणतात, चालेल. एवढाच साक्षात्कार. खाली चित्रात प्रभू स्टुलावर बसून पाय पुसताहेत आणि ती कढई घेऊन तशीच उभी आहे.

"पुढे काय झालं?" मी विचारलं.

"मठाच्या धर्मगुरूने तिला वर्षभर मौनाची शिक्षा दिली. देवाला तेलकट फडकं दिलं म्हणून."

मी देवाधर्मातली फारशी नाही. पण त्या रात्री कढई घासताना मी एकदा मागच्या दाराकडे बघितलं, हे कबूल करते.

मेव्रॉवकडे बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे होते. त्यांत कार्डं. पहिल्यावर लिहिलेलं 'माहीत आहे', दुसऱ्यावर 'वाटतं', तिसऱ्यावर 'असतं तर'. ननबद्दलची एकेक गोष्ट एकेका कार्डावर. खाली कुणी पाहिलं, कुठे पाहिलं, उजेड कसला होता, आणि सही. तीस वर्षांच्या उद्योगानंतर पहिल्या डब्यात अकरा कार्डं होती. तिसऱ्याचं झाकण लागत नव्हतं.

मी एकदा म्हटलं, "तिला स्वयंपाक आवडत असणार." मेव्रॉवनी दुसरा डबा पुढे सरकवला, मग विचार करून तिसरा. ही सवय त्यांना रोजच्या बोलण्यातही लागली होती. हवामान खात्याला त्या दुसऱ्या डब्यात टाकत, पुतण्या रविवारी येणार असल्याचा निरोप आला की तिसऱ्यात. माझी डच भाषा मी त्यांच्याकडून आणि त्या पुस्तकातून शिकले. एकदा ऑफिसात मीटिंगमध्ये मी म्हटलं की या मशीनचा मला मनस्ताप होतोय, तर सगळे चपापून गप्प बसले. तो शब्द म्हणे गेल्या चारशे वर्षांत कुणी वापरला नव्हता.

अकरा कार्डांतलं एक मला पाठ आहे. मठाच्या नोंदवहीत, ती नऊ वर्षांची पोर मठात आली त्या वर्षी एक ओळ होती: 'लहान मुलीच्या हातासाठी तागाची एक पट्टी.' बस. कापलं होतं म्हणून, भाजलं होतं म्हणून, काही नाही. पट्टी पहिल्या डब्यात होती. ती कशासाठी, ते तिसऱ्यात.

"तिसऱ्यात काय लिहिलंय?"

"बांधून ठेवायला. डावा हात."

मेव्रॉवचा सगळा मुद्दा इथे होता. पुस्तकातल्या चित्रांत सावलीच्या ज्या बारीक रेघा आहेत, त्या डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरतात. तशा रेघा डावरा माणूसच ओढतो. अक्षर मात्र उजव्या हाताचं. म्हणून तज्ज्ञांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं, की लिहिलं ननने आणि मग पुस्तक शहरात पाठवून कुणा डावऱ्या चित्रकाराकडून रंगवून घेतलं. मेव्रॉवचं म्हणणं, दोन्ही तीच. लहानपणी डावा हात बांधून लिहायला उजव्याने शिकवलं, पण चित्र काढायला कुणी शिकवलंच नाही, म्हणून तो हात सुटला. त्या स्वतः तशाच होत्या. शाळेतल्या सिस्टरांनी लाकडी पट्टीने फोडून काढून त्यांना उजव्या हाताने लिहायला लावलं होतं. ब्रश त्या डाव्याने धरत.

हे ऐकताना मी कोथिंबीर निवडत होते. मी निवडतच राहिले. मीही डावरी. सदाशिव पेठेत, अभ्यासाला बसले की आई जुन्या साडीची मऊ पट्टी घेऊन माझा डावा हात खुर्चीच्या दांडीला बांधायची, आणि जेवताना पुन्हा. आता मी लिहिते, जेवते, प्रसाद घेते, सगळं उजव्याने. कुणाला कळत नाही. मग सांगायचं कशाला, अशी माझी समजूत होती.

मी राहायला गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. हेगमध्ये जुन्या हस्तलिखितांचं प्रदर्शन भरणार आणि ज्या घराण्याकडे हे पुस्तक होतं त्यांनी ते प्रदर्शनाला दिलं, हे एक. त्यापूर्वी मेव्रॉवना ते तीस वर्षांपूर्वी फक्त एक दुपारभर बघायला मिळालं होतं. घराण्याने पुन्हा दार उघडलं नव्हतं. बाकी सगळी नक्कल चालली होती ती त्या घराण्यातल्या कुणा पणजोबांनी काढवलेल्या काळ्या-पांढऱ्या फोटोंवरून. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचे डोळे. नजरेचा मधला भाग पुसला जात होता. समोर बघायचं तर त्या मान वाकडी करून कडेने बघायच्या, कोंबडी बघते तसं. डॉक्टर म्हणाले, फार तर वर्षभर दिसेल.

प्रदर्शनाच्या क्युरेटरने मेव्रॉवच्या पत्राच्या उत्तरात, काचेपुढे जी पाटी लागणार होती तिचा मजकूर पाठवला. 'लेखन: मठातील एक भगिनी. चित्रे: अज्ञात शहरी चित्रकार.' मला तो दोनदा वाचून दाखवावा लागला. मेव्रॉव म्हणाल्या, "मी हे दिसेनासं व्हायच्या आत बदलायला हवं." मग म्हणाल्या, "आणि माझ्याकडे फक्त तिसरा डबा आहे."

नक्कल करताना त्यांचा एक नियम होता. ननने केलेली प्रत्येक चूक तशीच उतरवायची. डाग पडला असेल तर डागही. एका पानावर एका शब्दातली तीन अक्षरं फिकट होती, म्हणून तिथे त्या शाईत मोजून पाणी घालत. त्या रविवारी त्या जवळजवळ अंदाजानेच लिहीत होत्या आणि मी शेजारी बसून ओळ सांगत होते. उजवीकडे शाईची वाटी, डावीकडे चित्रासाठी घोटलेला निळा रंग. आणि लिहिता लिहिता त्यांचा लेखणी धरलेला उजवा हात पानावरून आडवा गेला आणि निळ्यात बुडाला. दोन निळी अक्षरं उमटली तेव्हा मी ओरडले.

त्यांनी एक शिवी हासडली. पंधराव्या शतकातली असावी.

मला हसू आलं. "असं माझंही होतं," मी म्हटलं. "लक्ष उडालं की हात डावीकडेच जातो. परवा मी चहात हळद..."

आणि तिथे मी थांबले. एक तर नको ते बोलून गेले होते. आणि दुसरं, समोरचा फोटो मला निराळाच दिसायला लागला होता. शंभर वर्षांपूर्वी फोटो ज्या काचेवर घेत, तिला सगळे रंग सारखेच कळत नसत. निळा तिच्यावर फिकट उमटायचा. हे तर माझ्या धंद्यातलं ज्ञान. मी म्हटलं, "मेव्रॉव, ही तीन अक्षरं फिकट नसतील. निळी असतील."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. लिहिताना लेखणी निळ्यात बुडली असेल, तर लिहायच्या टेबलावर रंग होता. आणि तोही डावीकडे. म्हणजे पुस्तक शहरात गेलंच नव्हतं. मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "तीस वर्षांपूर्वी ते पान माझ्या हातात होतं. मी चित्र बघत बसले. चित्र असताना अक्षरं कोण बघतं?"

ते पान बघू द्या असं कळवल्यावर क्युरेटरने सोमवारी बोलावलं. त्या दिवशी संग्रहालय बंद असतं, म्हणून निवांत पान उलटता येणार होतं. मी सुट्टी टाकली. हेगला जाताना गाडीत मी विचारलं, "मी बघते आणि सांगते, निळं आहे की नाही. चालेल ना?"

"अजिबात नाही. तू मला खूश करशील. तू चांगली मुलगी आहेस. चांगल्या मुली साक्षीदार म्हणून बिनकामाच्या."

त्यांनी पर्समधून कातड्याच्या नऊ पट्ट्या काढल्या. काहींना शाईच्या छटा, काहींना निळ्याच्या, पण सगळ्यांत काजळी आणि धूर मिसळून त्यांना म्हातारं केलेलं. मला सगळ्या सारख्याच मळकट दिसत होत्या. मागे नंबर. "अक्षराशेजारी एकेक धरायची. जुळेल तिचा नंबर सांगायचा. रंगाचं नाव काढायचं नाही." आमच्या कंपनीत चाचण्या घेणाऱ्यांनी यांच्याकडे शिकवणी लावायला हवी होती.

क्युरेटर तरुण होता आणि सभ्य होता. 'म्हातारीचा हट्ट, होऊन जाऊ दे' असा भाव त्याने शक्य तितका लपवला. त्याने गादीवर पुस्तक ठेवलं, पान उघडलं. फोटोपेक्षा किती लहान होतं ते पुस्तक, माझ्या तळहाताएवढं. दिव्याखाली ती तीन अक्षरं काळपट दिसत होती. मला लाज वाटत होती की निळं दिसावं म्हणून मी मनातल्या मनात विनवणी करतेय. तो एकेक पट्टी धरत गेला. चार नाही, दोन नाही, नऊ नाही. एक जुळली. मी कागदावर आकडा लिहिला. मग मेव्रॉवनी त्याला बघायला लावलं, मला बाहेर काढून.

दोन्ही कागदांवर सात होता.

"सात म्हणजे?" त्याने विचारलं. मेव्रॉवनी यादी बाहेर काढली नाही. वाचताच आली नसती.

"सात म्हणजे निळा," त्या म्हणाल्या. "चित्रातल्या प्रभूंच्या झग्याचा. मी तो सहा वेळा घोटलाय."

तो मोठं भिंग घेऊन आला आणि वाकला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "कण दिसताहेत. निळे." मग सरळ उभा राहिला. खरोखर विचार करणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो आता. "म्हणजे रंग तिच्या टेबलावर होता. पाटी बदलावी लागेल. पण मेव्रॉव, हात एकच होता हे यातून सिद्ध होत नाही. शेजारी दुसरी कुणी नन बसून रंगवत असेल. उजव्याने लिहायचं, डाव्याने रंगवायचं, आणि मध्येच दोन्हींचा गोंधळ करायचा, अशी माणसं असतात का खरंच?"

"तुमच्यासमोर दोघी बसल्या आहेत," मेव्रॉव म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघायचं तर मान वाकडी करावी लागली असती. त्याने मला विचारलं, "खरं?" आणि मी तिशी ओलांडलेली बाई, शाळेत पकडल्यासारखी मान डोलावली. मग त्याने माझ्यापुढे कागद सरकवला आणि काहीतरी काढून दाखवायला सांगितलं. मी डाव्या हातात पेन्सिल घेतली आणि एक कढई काढली. सावलीच्या रेघा डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरल्या. तो त्या रेघांकडे बघत राहिला.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून. कोथिंबीर तू डाव्या हाताने कापतेस, आणि मी आले की सुरी हात बदलते."

त्या दिवशी मी आईला फोन केला आणि पट्टीचं विचारलं. आईने आधी टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाली, "अगं, चारचौघांत पंगतीला बसल्यावर वाईट दिसतं, म्हणून. तेव्हा सगळेच करायचे." मग म्हणाली, "मी गाठ सैल बांधायचे. तुला आठवत नसेल. ओढलीस तर सुटली असती." मला खरंच आठवत नव्हतं. रडू आलं, रागावून की कशामुळे ते नीट कळलं नाही. नंतर मी हे मेव्रॉवना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "सैल गाठ. हे मला सुचलंच नव्हतं," आणि तिसऱ्या डब्यासाठी एक नवीन कार्ड लिहायला घेतलं.

प्रदर्शन उघडलं तेव्हा त्यांना समोरचं काहीच दिसत नव्हतं. पाटी मी वाचली. 'लेखन व चित्रे: मठातच. बहुधा एकाच भगिनीच्या हातची.'

"बहुधा," मेव्रॉव म्हणाल्या. "दुसरा डबा." ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, दुखावल्या. तर म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं. शिकतोय पोरगा." आणि काचेवर डावा तळहात ठेवून उभ्या राहिल्या. पहारेकरी हटकायला आला, मग परत फिरला.

त्यानंतर मी कंपनी बदलली आणि ॲमस्टरडॅमजवळ डीमनला राहायला आले. मेव्रॉव वृद्धाश्रमात गेल्या. महिन्यातून एकदा मी जायची आणि नकलेची पानं वाचून दाखवायची. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. पुतण्या या खेपेला खरोखर आला, रविवारीच, आणि माझ्या हातात तीन डबे ठेवून म्हणाला, "हे तुमच्यासाठी आहेत म्हणे. आत बिस्किटं नाहीत."

पहिल्या डब्यात आता तेरा कार्डं आहेत. बारावं माझ्याबद्दल आहे. 'वरची मुलगी. डावरी. लपवते. पाहिलं: मी, स्वयंपाकघरात, सकाळच्या उजेडात.' माझ्या पहिल्या आठवड्यातली तारीख आणि सही; मला डबा दाखवताना हे कार्ड त्यांनी काढून ठेवलं असणार.

तेरावं त्या तीन अक्षरांचं. हेग, दिव्याचा उजेड, पट्टी सात. अक्षर वेडंवाकडं, ओळ सोडून खाली घसरलेलं. न बघताच लिहिलं असणार. साक्षीदार दोन. क्युरेटरची सही होती, म्हणजे ते कार्ड त्यांनी त्याच्याकडे पाठवून परत मागवलं होतं. दुसऱ्या सहीची जागा कोरी होती. मी दर महिन्याला जात होते, तरी त्यांनी सही कधी मागितली नव्हती.

मी पेन घेऊन बसले. सवयीने ते उजव्या हातात आलं. मग ते मी डाव्यात घेतलं आणि सही केली. बालवाडीतल्या पोरासारखी झाली आहे, पण नाव वाचता येतं.